ठाणे–नवी मुंबईतला पगार : किमान वेतन, जगण्यापुरतं वेतन आणि मधली तफावत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथल्या कारखान्यांत हेल्पर म्हणून, घोडबंदर रोड आणि नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांत सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंगला, भिवंडीच्या गोदामांत लोडिंगला किंवा महापालिकेच्या ठेक्यावर काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न सोसायटीच्या कमिट्या आणि छोटे मालकही विचारतात, तेही घेतले आहेत. जिथे "समजा" म्हटलं आहे तिथले रुपये नमुन्याचे आहेत. त्या जागी आपल्या गल्लीतले भाव आणि आपल्या पगारपत्रकावरचे आकडे घाला.

किमान वेतन आणि जगण्यापुरतं वेतन यात फरक काय?

किमान वेतन ही कायद्याची खालची रेघ आहे. तिच्याखाली पगार देणं गुन्हा आहे. कामगार "मी कमी पगारावर राजी आहे" असं लिहून देत असला तरी तो गुन्हाच राहतो. जगण्यापुरतं वेतन म्हणजे कुटुंबाला पोटभर अन्न, राहायला खोली, मुलांची शाळा, दवाखाना, सणवार आणि म्हातारपणासाठी थोडी शिल्लक, हे सगळं भागवणारा पगार. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये राज्यानं कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. १९४८ साली नेमलेल्या समितीनं किमान, रास्त आणि निर्वाह अशा वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. आपल्याकडे प्रत्यक्षात सगळा कारभार पहिल्या पायरीवरच अडकला आणि पुष्कळ ठिकाणी तीही गाठली जात नाही.

म्हणून लढाई दोन टप्प्यांची आहे. कायद्यानं देय असलेला पैसा आधी शेवटच्या रुपयापर्यंत वसूल करायचा. मग तो पैसा जगायला पुरत नाही हे हिशेब मांडून दाखवायचं. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घुसडल्या की साहेब दुसरीवर चर्चा करत बसतात आणि पहिली राहून जाते.

माझं किमान वेतन नेमकं किती, हे कसं काढायचं?

तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली म्हणजे उद्योग. प्रत्येक उद्योगाची अधिसूचना वेगळी असते. दुकानं व व्यापारी आस्थापनांची वेगळी, इंजिनीअरिंगची वेगळी, हॉटेलांची वेगळी, स्थानिक स्वराज्य संस्थांची वेगळी. दुसरी म्हणजे परिमंडळ, म्हणजे कामाची जागा दराच्या कोणत्या भागात येते ते. बहुतेक अधिसूचनांत महापालिकेची हद्द पहिल्या परिमंडळात, म्हणजे सर्वांत वरच्या दरात येते. ठाणे आणि नवी मुंबईत काम करणाऱ्याला तालुक्याच्या गावाचा दर लावला असेल तर तो चूक आहे. तिसरी गोष्ट कौशल्याची : कुशल, अर्धकुशल की अकुशल.

लबाडी सर्वांत जास्त या तिसऱ्या ठिकाणी होते. मशीन चालवणाऱ्याला, वेल्डिंग करणाऱ्याला, फोर्कलिफ्ट हाकणाऱ्याला कागदावर "हेल्पर" दाखवतात. कायदा हुद्द्याचं नाव पाहत नाही, हातातलं काम पाहतो. रोज कोणत्या मशीनवर, कोणतं काम, किती वर्षं, हे तारखांसह लिहून ठेवा. मशीनच्या लॉगबुकावर तुमची सही असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

दराचे दोन भाग असतात : मूळ दर आणि विशेष भत्ता. मूळ दर बरीच वर्षं तोच राहतो. विशेष भत्ता मात्र महागाईच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, बदलतो. कामगार आयुक्तालय त्याचं पत्रक काढतं. नेटवर सापडलेला जुना मूळ दर पाहून "मला बरोबर मिळतो" असं समजणारे खूप आहेत. दोन्ही भागांची बेरीज केल्याशिवाय काही ठरवू नका. महिन्याच्या दरावरून रोजचा दर काढायचा तर २६ नं भागा, ३० नं नव्हे. साप्ताहिक सुट्टीचा पैसा महिन्याच्या दरात आधीच धरलेला असतो.

नवीन कामगार कायदे आले, मग जुने दर गेले का?

नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिनं १९४८ चा किमान वेतन कायदा, १९३६ चा वेतन प्रदान कायदा, बोनस आणि समान वेतनाचे कायदे आपल्यात घेतले. नवी अधिसूचना येईपर्यंत राज्याचे आधीचे दर चालू राहतात. "आता किमान वेतन नाही" असं कुणी ठेकेदार सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. उलट जुना कायदा फक्त यादीतल्या उद्योगांना लागू होता, संहितेनं ती यादीची अट काढली.

सरकार हा आकडा कशावरून काढतं?

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं सूत्र ठरवलं. कामगार, जोडीदार आणि दोन मुलं मिळून तीन उपभोग एकक (एका मोठ्या माणसाच्या गरजेइतकं माप म्हणजे एक एकक) धरायची : कामगार १, जोडीदार ०.८, प्रत्येक मूल ०.६. प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीच्या दरानं घरभाडं आणि इंधन, वीज, किरकोळ खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यात आणखी २५ टक्के घालायला सांगितले : मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सण-समारंभ, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी. संहितेखालच्या केंद्राच्या मसुदा नियमांत कापड ६६ मीटर झालं आणि घरभाडं अन्न व कापडाच्या खर्चाच्या १० टक्के झालं.

या सूत्रात म्हातारे आई-वडील कुठेच नाहीत. २०१९ साली डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीनं ३ ऐवजी ३.६ एकक धरायला सांगितलं आणि २,४०० कॅलरींसोबत ५० ग्रॅम प्रथिनं, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ मोजायला सुचवलं. त्यावरून देशासाठी दिवसाला ३७५ रुपये आणि शहरात घरासाठी वेगळे ५५ रुपये असा दर निघाला. केंद्राची राष्ट्रीय तळरेषा, म्हणजे राज्यांनी ज्याच्या खाली दर ठेवू नये असा रोजचा आकडा, तेव्हा १७६ रुपयांवर होती. समितीचा अहवाल येऊनही ती जुलै २०१९ मध्ये फक्त २ रुपयांनी वाढवून १७८ केली गेली.

त्या सूत्रानं ठाण्यात किती पगार निघतो?

आधी स्वयंपाकघर. तीन एककांना २,७०० प्रमाणे दिवसाला ८,१०० कॅलरी लागतात. साधारण १ किलो ३०० ग्रॅम तांदूळ-गहू-ज्वारी, पाव किलो डाळ, १२० ग्रॅम तेल, १०० ग्रॅम साखर-गूळ, १ लिटर दूध, कांदा-बटाट्यासह १ किलो भाजी आणि ५० ग्रॅम शेंगदाणे एवढ्यात ते भरतं. महिन्याला हे होतं ४० किलो धान्य, साडेसात किलो डाळ, ४ लिटर तेल, ३ किलो साखर-गूळ, ३० लिटर दूध, ३० किलो भाजी, दीड किलो शेंगदाणे.

समजा धान्य ४५ रुपये, डाळ १३०, तेल १५०, साखर ४५, दूध ६०, भाजी सरासरी ४०, शेंगदाणे १४०. धान्याचे १,८००, डाळीचे ९७५, तेलाचे ६००, साखरेचे १३५, दुधाचे १,८००, भाजीचे १,२००, शेंगदाण्याचे २१०. मीठ-मसाला, चहा आणि आठवड्यातून एकदा अंडी किंवा सुकट-बोंबील यांना ९०० धरले की बेरीज ७,६२० रुपये. कापड ६६ मीटर वर्षाला, म्हणजे महिन्याला साडेपाच मीटर, १२० रुपयांनी ६६० रुपये. अन्न आणि कापड मिळून ८,२८०.

आता घरभाडं. सूत्र म्हणतं १० टक्के, म्हणजे ८२८ रुपये.

कळवा, विटावा, दिघा, तुर्भे स्टोअर, किसन नगर, लोकमान्य नगर यांपैकी कुठेही ८२८ रुपयांत खोली दाखवावी. दहा बाय बाराची, पत्र्याची, बाहेर सार्वजनिक संडास असलेली खोलीसुद्धा त्या पैशांत मिळत नाही. सूत्र ठाण्यात मोडतं ते नेमकं इथे. ८२८ तसेच ठेवून पुढे गेलं तर ८,२८० आणि ८२८ मिळून ९,१०८ होतात. ते एकूण वेतनाच्या ५५ टक्के, कारण उरलेले ४५ टक्के इंधन-वीज-किरकोळ आणि शिक्षण-आजारपणाचे. ९,१०८ ला ०.५५ नं भागलं की १६,५६० रुपये.

भाड्याच्या जागी खरं भाडं, समजा ६,५०० रुपये, घाला आणि बाकी काही बदलू नका : १६,५६० मधून ८२८ वजा, ६,५०० अधिक, म्हणजे २२,२३२. टक्केवारीही नव्या बेरजेवर पुन्हा काढली तर आकडा जवळपास २६,९०० वर जातो. आम्ही मागणी मांडताना पहिली, कमी आकड्याची पद्धत वापरायला सांगतो. तिच्यात फुगवलेलं काही नाही, प्रत्येक ओळ मालकासमोर पावतीनिशी सिद्ध करता येते. त्यातही अनामत रक्कम, दलाली आणि अकरा महिन्यांनी होणारी भाडेवाढ धरलेली नाही.

हा तक्ता स्वतः भरताना दोन चुका होतात. मॉलचे भाव लिहिले जातात, किंवा पगारात बसावं म्हणून लोक दूध-डाळ आपणहून कापतात. ज्या दुकानातून महिन्याचा बाजार भरता तिथलेच भाव लिहा आणि वर दिलेलं वजन कमी करू नका. आज घरात डाळ अर्धीच शिजते म्हणून गरज अर्धी होत नाही.

रेशन मिळतंच की, मग धान्याचा खर्च कशाला धरायचा?

कारण बहुतेकांना मिळत नाही. शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे आणि केशरी शिधापत्रिकेची १ लाख. महिना १३,००० रुपये घेणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला १,५६,००० होतं. कागदोपत्री किमान वेतन घेणारा कामगार शिधापत्रिकेच्या दृष्टीनं पांढऱ्या कार्डाचा धनी ठरतो! शिवाय कार्ड गावाकडे आणि कुटुंब इथे, ही अडचण वेगळीच. त्यासाठी 'एक देश, एक शिधापत्रिका' आहे, पात्र कार्ड असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येतं. पण ते सरकारनं दिलेलं साहाय्य आहे, मालकाच्या पगारातली सूट नव्हे.

घरात दोघं कमावतात, तरी एका पगारात चौघांचा हिशेब का?

सूत्रच तसं आहे : कमावणारा एक. आणि दुसरी कमाई फुकट येत नाही. बाई सकाळी सहाला कामावर निघाली की लहान मुलाला पाळणाघर लागतं, नाहीतर मोठ्या मुलीची शाळा बुडते.

पगारपत्रकावर सगळं बरोबर दिसतं, हातात मात्र कमी येतो. असं कसं?

आधी कायदेशीर कपात बाजूला काढा. समजा मूळ अधिक विशेष भत्ता १३,००० आणि ५ टक्के घरभाडे भत्ता ६५०, म्हणजे एकूण १३,६५०. (५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी १९८३ च्या राज्य कायद्यानं हा भत्ता द्यावाच लागतो.) भविष्य निर्वाह निधी (पीएफ) मूळ अधिक विशेष भत्त्याच्या १२ टक्के, १,५६०. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) एकूण पगाराच्या पाऊण टक्का, १०३. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पुरुष कामगाराच्या हातात ११,७८७ यायला हवेत. यापेक्षा कमी आले तर शोध सुरू करा.

नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, पण एटीएम कार्ड मुकादमाकडे असतं आणि तो दोन-तीन हजार काढून घेऊन कार्ड फिरवतो. किंवा "जास्तीचे परत आण" म्हणून रोख मागतो. बँकेची नोंद त्याच्या बाजूनं दिसते, म्हणून हा प्रकार पकडणं अवघड जातं. कार्ड ताबडतोब बंद करून नवं घ्या, फोन नंबर आपलाच जोडा आणि परत मागणारा मेसेज किंवा आवाज जपून ठेवा.

दुसरा प्रकार दिवस कापण्याचा. २६ दिवस भरले, मस्टरवर (हजेरीपटावर) १९ दाखवले. दर बरोबर, दिवस खोटे. निरीक्षक आला की मस्टर आणि पगार जुळतात. याला उतारा एकच, स्वतःची हजेरी. रोज गेटवर शिरताना आणि निघताना वेळ लिहा, महिन्याअखेर दोन सहकाऱ्यांनी एकमेकांच्या वहीवर सही करा.

तिसरा प्रकार म्हणजे मालकाचा पीएफचा वाटाही कामगाराच्या पगारातून कापणं. "सीटीसी" (कामगारामागे कंपनीला पडणारा एकूण खर्च) या शब्दाआड हे बिनदिक्कत चालतं. कामगाराचा वाटा १२ टक्के, त्याच्या वर एक पैसा कापता येत नाही. कापलेला पीएफ भरला का, हे उमंग ॲपवर पासबुकात दर महिन्याला पाहा. तीन महिने नोंद नसेल तर वाट पाहत बसू नका.

चौथा : मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून "वाहन भत्ता", "धुलाई भत्ता" फुगवणं. संहितेत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. गणवेश, बूट, आयकार्ड यांचे पैसे कापणं, एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार मारणं, हे तर रोजचंच. एकूण कपात कोणत्याही कारणानं वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही.

सिक्युरिटीला बारा तासांची ड्युटी आणि आठ तासांचा पगार. चालतं का?

नाही, आणि चोरी सर्वांत मोठी इथे होते. १३,००० चा रोज ५००, तासाला ६२ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, म्हणजे तासाला १२५. आठवड्यात सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास. ४८ च्या वरचे २४ तास गुणिले १२५, ३,००० रुपये. सहा दिवसांचा नेहमीचा पगारही ३,०००. बारा तास उभं राहणाऱ्याला कायद्यानं दुप्पट पगार मिळायला हवा.

जेवणाची सुट्टी खरोखर मिळत असेल तर ती वजा करा. डबा गेटवरच खायचा आणि गाडी आली की उठायचं, याला सुट्टी म्हणत नाहीत.

सोसायटीच्या कमिट्यांनीही हा हिशेब नीट पाहावा. एका गेटवर सहा दिवस बारा तासांचे दोन गार्ड कायद्यानं ठेवले तर वेतन आठवड्याला १२,००० होतं. आठ तासांचे तीन गार्ड ठेवले तर ९,०००. बारा तासांची पाळी स्वस्त पडते ती फक्त ओव्हरटाइम बुडवला म्हणून.

एजन्सीचं कोटेशन कायदेशीर आहे का, हे कसं ओळखायचं?

खालून वर बेरीज करा. समजा वेतन १३,०००. घरभाडे भत्ता ६५०. पीएफचा मालकाचा वाटा आणि इतर आकार मिळून १३ टक्के, १,६९०. ईएसआय सव्वातीन टक्के, ४४४. किमान बोनस ८.३३ टक्के, १,०८३. रजेपोटी साधारण ५ टक्के, ६५०. साप्ताहिक सुट्टीच्या चार दिवसांचा बदली माणूस, ५०० प्रमाणे २,०००. बेरीज १९,५१७ रुपये, आठ तासांच्या एका जागेची. एजन्सीचा मेहनताना, गणवेश आणि कर याच्या वर.

कुणी बारा तासांचा गार्ड १७,००० ला देत असेल तर तो कमी पैसा कामगाराच्या ताटातून उचलतो आहे, दुसरीकडून आणणं शक्यच नाही. "सर्वांत कमी दर" ही निविदेची अट लावताना वेतन आणि वैधानिक देणी हा भाग सगळ्यांसाठी सारखा बांधून घ्या आणि चुरस फक्त सेवाशुल्कावर ठेवा. महापालिकांच्या ठेक्यांनाही हेच लागू आहे. बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआय चलन नावनिशीवार यादीसह मागा. नुसतं चलन दाखवून दुसऱ्याच साइटच्या माणसांची नावं भरलेली असतात.

ठेकेदार पगार बुडवून पसार झाला. कंपनी म्हणते, तुमचा आमचा संबंध नाही.

संबंध आहे. ठेकेदारानं वेतन दिलं नाही तर ज्याच्यासाठी काम केलं त्या मूळ मालकानं ते द्यायचं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि वेतन संहितेतही आहे. त्या जागेवर काम केल्याचा पुरावा मात्र लागतो : गेटपास, कंपनीच्या सुपरवायझरचे मेसेज, कंपनीच्या आवारातल्या बायोमेट्रिकची नोंद. ठेका बदलला की आयकार्ड परत करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

घरकाम, पीसवर काम, नाक्यावरचं काम, डिलिव्हरी यांचं काय?

पीसवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर, काम करणाऱ्याला दिवसाचे पूर्ण तास भरल्यावर किमान वेतनाच्या खाली ठेवता येत नाही. भिवंडीत मीटरवर मजुरी घेणाऱ्यांनी माग बंद राहिल्याचे तासही लिहून ठेवावेत. वीज गेली किंवा सूत आलं नाही, यात कामगाराचा दोष नाही.

घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी करून घ्या. दर मात्र घरोघरी बोलूनच ठरतो. "भांडी इतके, झाडूपोछा इतके" असं न ठरवता मिनिटं मोजा. दीड तासाचं काम असेल तर महिन्याचे ३९ तास, त्याला निदान कुशल कामगाराच्या तासाच्या दरानं गुणा आणि येण्याजाण्याचा वेळ धरा. एकाच इमारतीतल्या बायकांनी एक दर धरला तरच तो टिकतो.

मजूर नाक्यावर उभं राहणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला मिळवून बांधकाम कामगार मंडळात नोंद करावी. डिलिव्हरीवाल्यांना सामाजिक सुरक्षा संहितेत "गिग कामगार" म्हणून जागा मिळाली, किमान वेतन अजून नाही.

पगार वाढवले तर धंदे बंद पडतील, माणसं कमी होतील, असं म्हणतात.

किमान वेतनाबद्दल हा युक्तिवाद १९५८ सालीच निकाली निघाला आहे. क्राउन ॲल्युमिनियम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतन देऊ न शकणाऱ्या उद्योगाला अस्तित्वाचा हक्क नाही. १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं : किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजे अनुच्छेद २३ नं मनाई केलेली वेठबिगारी.

त्याच्या वरच्या वाढीबद्दल म्हणाल, तर अमेरिकेत न्यू जर्सीनं १९९२ मध्ये किमान वेतन वाढवल्यावर डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली आणि फास्ट-फूड दुकानांतल्या नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहीत. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा होता. म्हणून कितीही वाढवा, काही होत नाही, असा त्याचा अर्थ नाही. कमी मार्जिनवर जॉबवर्क करणाऱ्या रबाळ्याच्या छोट्या वर्कशॉपला फटका बसतोच, जर मोठी कंपनी त्याचा दर वाढवून देत नसेल. मागणी म्हणून त्या मोठ्या कंपनीच्या दारातही जायला हवी.

आणि घोडबंदर रोडवरच्या १२० फ्लॅटच्या सोसायटीत १० कामगारांना प्रत्येकी ६,००० वाढवले तर पीएफ-ईएसआयसह महिन्याला ६९,७५० होतात. फ्लॅटमागे ५८१ रुपये.

असंघटित कामात पगार सुधारल्याचं जवळचं उदाहरण आहे का?

वाशीची बाजार समिती. पाठीवर पोती वाहणाऱ्यांचा कायमचा मालक कोणी नव्हता, आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या संघटनेतून आणि लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीवर ठरावीक टक्क्यानं द्यायची जादा रक्कम) या कायद्याखालच्या मंडळात भरतो, मंडळ हमालाला पगार देतं आणि लेव्हीतून पीएफ, बोनस, रजा, दवाखाना भागवतं. सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आणि मुंबई-ठाण्याचं मंडळ याच धर्तीवर आहे. सोसायटीला किंवा कंपनीला मंडळाकडून रक्षक घेता येतात. मंडळाच्या रक्षकाचा दर खासगी एजन्सीपेक्षा जास्त दिसतो, कारण त्यात वर सांगितलेली सगळी देणी खरोखर धरलेली असतात. या व्यवस्थेत बोगस टोळ्या आणि दमदाटी शिरली आहे, ती निपटायलाच हवी. पण लेव्हीची कल्पना अजूनही आपल्याकडची सर्वांत चांगली कल्पना आहे.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी महिनावार तक्ता करा : महिना, भरलेले दिवस, ओव्हरटाइमचे तास, देय रक्कम, मिळालेली रक्कम, फरक. "आम्हाला कमी पगार मिळतो" एवढंच लिहिलेले अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात. आकड्याचा अर्ज पुढे सरकतो.

तक्त्यासोबत ठेकेदाराला आणि मूळ मालकाला लेखी मागणी पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावती जपून. सात-आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. तळोज्याची कंपनी रायगड जिल्ह्यात येते, तिथला अर्ज ठाण्यात दिला तर नुसता फिरत राहतो. पीएफची तक्रार पीएफ कार्यालयात, ईएसआयची त्यांच्याकडे.

नव्या रचनेत निरीक्षक मालकाला चूक सुधारायची एक संधी देतो, लगेच खटला भरत नाही. तेवढ्यावर थांबू नका. वेतन मिळवण्यासाठी संहितेखाली दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यापुढे दावा दाखल करा. कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो, तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं आणि बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. संहिता लागू होण्याआधीच्या महिन्यांना जुन्या कायद्याची सहा महिन्यांची मुदत आड येऊ शकते, म्हणून त्या भागाचा तक्ता वेगळा ठेवून वकिलाला दाखवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नोकरी सोडली, पगार अडकवून ठेवला आहे.

राजीनामा असो, काढलेलं असो की काम बंद पडलेलं असो, दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. "नो ड्यूज झाल्यावर बघू" ही कंपनीची सोय आहे, कायदा नव्हे.

तक्रार केली तर काढून टाकतील.

ही भीती खरी आहे, ठेक्यावर तर जास्तच. म्हणून एकट्यानं अर्ज करू नका. त्याच साइटवरचे सात-आठ जण असतील तर एकाच अर्जावर सह्या घ्या. सात जणांना मिळून युनियनच्या नोंदणीचा अर्जही करता येतो, मात्र एकूण कामगारांपैकी निदान १० टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. मागणी केली म्हणून सूड उगवणं ही कायद्यानं अनुचित कामगार प्रथा आहे, पण ती सिद्ध करायला तारखांचा क्रम लागतो. अर्जाचा शिक्का आधीचा आणि गेट बंद केल्याची तारीख नंतरची असली पाहिजे.

गेटवर अडवलं तर तिथून निघून जाऊ नका. त्याच दिवशी, त्याच वेळी सुपरवायझरला मेसेज टाका : "आज इतक्या वाजता कामावर हजर झालो, आत सोडलं नाही." तीन दिवस सलग हेच करा आणि चौथ्या दिवशी कामगार कार्यालयात त्याची लेखी नोंद द्या. नाहीतर पुढे मस्टरवर तुमच्या नावासमोर "स्वतःहून काम सोडले" असा शेरा दिसेल. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा "पूर्ण हिशेब मिळाला" अशा पावतीवर, पैसे खात्यात दिसल्याशिवाय, सही करू नका. दबाव फार आलाच तर सहीखाली मराठीत "रक्कम मिळालेली नाही" असं लिहून तारीख घाला.